चिमटे घे, तूप ठेव

प्रिय मावशी,



तुम्हा चौघींचे ग्रीसला जायचे व्हिसा आल्याचं आईनं सांगितलं. परवा फोनवर तू ‘तिकडं हॉटेलात राहायचं म्हणजे काय काय बघायचं गं?’ असं विचारलंस आणि मी ‘सांगते, सांगते’ म्हणून टाळलं. ते दोन मिनिटांत संपणारं प्रकरण नव्हतं. शिवाय फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस. पत्रात तशी सोय नाही. हे तू बाकीच्या तिघींना मोठ्यानं वाचून दाखवणार हे धरूनच लिहितेय. बाथरूमचा मजकूर आला की आवाज जरा खाली आण.

तुम्ही जाताय त्या नाक्सोस बेटाची सगळ्यात जुनी गोष्ट जहाज चुकल्याची आहे. क्रीटची राजकन्या आरिआद्नी हिनं थेसेउसला भूलभुलैयातून बाहेर काढलं आणि त्याच्याबरोबर पळाली. वाटेत दोघं नाक्सोसला उतरली, ही झोपली, आणि जागी होऊन बघते तो त्याचं जहाज गेलेलं. पुढं तिला दिओनिसोस देव भेटला आणि तिचं भलं झालं. तुमचं जहाज चुकलं तर देव भेटेलच असं नाही, म्हणून जहाजापासून सुरुवात करते.

उन्हाळाभर, जुलै-ऑगस्टात तर फारच, एजियन समुद्रावर उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो. त्याला मेल्तेमी म्हणतात. आभाळ निळं, ऊन लख्ख, पावसाचा टिपूस नाही, आणि तरी समुद्र उसळलेला. आपल्या कोकणी डोक्याला हे पटत नाही. वादळ म्हटलं की आपल्याला काळं आभाळ लागतं. वारा एका मर्यादेच्या वर गेला की बंदराचे अधिकारी जहाजांना निघायलाच बंदी घालतात. वेगवान लहान बोटी आधी थांबतात, मोठ्या फेरीबोटी मागाहून. तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी जाताय, तोवर मेल्तेमीचा जोर बराच उतरलेला असतो, पण भरवसा नाही. पहिल्या खेपेला आम्ही शेवटची रात्र बेटावरच ठेवली होती. सकाळचं जहाज, रात्रीचं अथेन्सहून विमान, कागदावर हिशेब चोख. सकाळी हॉटेलच्या मालकीणबाईंनी कॉफी आणून ठेवली, समुद्राकडं बोट दाखवलं आणि हनुवटी वर उचलली. बंदी! विमान गेलं, तिकिटाचे पैसे गेले. त्या दिवशी आम्ही दोघं पोर्ताराखाली बसून फेसाळ पाणी बघत राहिलो. पोर्तारा म्हणजे अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात काम सुरू झालं, देऊळ झालंच नाही, चौकट तेवढी उभी आहे. आमच्या सहलीचं तेव्हा तसंच झालं होतं.

म्हणून शेवटची रात्र अथेन्सला. हा बदल पत्र वाचून होताच कर, बुकिंग अजून फुकट रद्द करता येतंय तोवर.

जाताना मोठी फेरीबोटच घ्या. पिरेअस बंदरातून नाक्सोसला पाच-सव्वापाच तास लागतात. वेगवान बोट साडेतीन-चार तासांत पोचवते, पण ती लाटांवर आपटत जाते, आणि तुला आंबा घाटातसुद्धा गाडी लागते. विमानतळावरून पिरेअसला थेट मेट्रो आहे, तासाभराचा प्रवास. सकाळची फेरी साडेसाताच्या सुमाराला निघते, तेव्हा आदली रात्र पिरेअसलाच झोपून काढा. जहाजावर मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या तळघरातच ठेवायच्या असतात. तिथल्या फळ्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. पारोसच्या फळीवर ठेवलीस तर बॅग पारोसच्या गर्दीत सापडेल. उतरायची घोषणा झाली की लगेच जिना गाठा. जहाज बंदरात फार तर पाच-दहा मिनिटं थांबतं, लोखंडी फळा खाली येतो आणि माणसं, ट्रक, स्कूटर सगळं एकदम बाहेर पडतं. तुझी दादरची वर्षं इथं कामी येतील.

आता खोली. तुम्ही जी निवडली आहे तिच्या फोटोत कमानी आणि बोगनवेल दिसते, म्हणजे ती होरा गावातल्या जुन्या भागात, किल्ल्याच्या अंगाला आहे. हा किल्ला तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्को सानुदो नावाच्या व्हेनिसच्या सरदारानं बेट जिंकून बांधला. चाचे येतील या धाकानं घरं एकमेकांना चिकटून, बोळ मुद्दाम वाकडे, वर जायला पायऱ्याच पायऱ्या. चाचे यायचे थांबले, पायऱ्या राहिल्या. आम्हीही फोटोलाच भुललो होतो. ‘बंदरापासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं होतं. बकरी असती तर पोचली असती पाच मिनिटांत. आम्हाला बॅगा उचलून पंचवीस मिनिटं लागली, त्यात बॅगेचं एक चाक गेलं. तुझे गुडघे आणि चौघींच्या बॅगा लक्षात घेता आयोस गेओर्गियोसच्या बाजूला घर बघ. ते होराच्याच दक्षिणेला, सपाटीवर, चालत गावात जाता येईल असं, आणि समोर उथळ वाळूचा किनारा आहे. बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. पोहता न येणाऱ्यांना याहून बरी जागा नाही. कमानी आणि बोगनवेल संध्याकाळी फिरायला जाऊन बघता येतात.

मालकांना दोन ओळींचा निरोप पाठव: लिफ्ट आहे का, नसेल तर तळमजल्याची खोली मिळेल का, आणि दारापर्यंत पायऱ्या किती. आकडा विचार. ‘थोड्या’ म्हणजे त्यांच्या हिशेबी चाळीससुद्धा असतात. ‘डबल’ म्हटलं की एकच मोठा पलंग मिळतो. तुम्हाला ‘ट्विन’ हवी. जहाजाचं नाव आणि वेळ कळवून ठेवलीस तर लहान हॉटेलवाले बहुधा गाडी घेऊन बंदरावर येतात.

पोचल्यावर पासपोर्ट मागतील, नोंद करून परत देतील. आणखी काही पैसेही मागतील, तेव्हा भांडू नकोस. खोलीचं भाडं आधी भरलेलं असलं तरी हवामान-संकटाच्या नावानं सरकारचा एक कर आहे, तो हॉटेलातच द्यायचा असतो. माणशी नव्हे, दर खोलीमागे दर रात्री. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरचा दर असा: एक-दोन तारे असलेल्या हॉटेलात २ युरो, तीन ताऱ्यांना ५, चारला १०, पाचला १५. दोन खोल्या, सहा रात्री, करून बघ गुणाकार. तारे कमी असलेलं बरं वाटायला लागेल.

बाथरूम. आवाज खाली आण.

कमोडशेजारी झाकणाची एक छोटी बादली असते, वर पाटीही असते. कागद त्या बादलीत टाकायचा, कमोडमध्ये कधीही नाही. नळ्या अरुंद, बेटावरची सांडपाण्याची व्यवस्था नाजूक, कागदानं तुंबते. मग मालकाला प्लंबर शोधावा लागतो, आणि भर हंगामात बेटावर प्लंबर मिळणं म्हणजे आपल्याकडं लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं आहे. बादली ते रोज रिकामी करतात. आपला जेट स्प्रे तिथं नसतो, तेव्हा एक रिकामी बाटली आत भरून ठेवायची, झालं. अंघोळीची जागा म्हणजे कोपऱ्यातला दोन-अडीच फुटांचा चौकोन. त्याच्या बाहेर सांडलेलं पाणी जायला वाट नसते. बादली-तांब्याची सवय चार दिवस बाजूला ठेव, नाहीतर तुमची अंघोळ पलंगाखालून निघेल.

गरम पाणी छतावरच्या सौरबंबातलं. संध्याकाळी कढत, पहाटे कोमट, आणि टाकी संपली की संपली. ढगाळ दिवसासाठी विजेचं बटण असतं, बहुतेक वेळा दाराजवळच्या फ्यूजच्या पेटीत. पहिल्याच दिवशी ते दाखवून घे, वापर झाला की बंद कर. चौघींनी डोक्यावरून न्हायचा वार एकच ठेवू नका. पाण्याची तंगी खरीच आहे. नाक्सोसला डोंगर आहेत, शेती आहे, शेजारच्या बेटांच्या मानानं ते हिरवं, तरी २०२४च्या उन्हाळ्यात तिथला मोठा जलाशय तळाला गेला आणि समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रं आणायची पाळी आली. एप्रिल-मेमध्ये विहिरीत घागर किती खाली जाते ते बघत तू वाढलीस, तुला जास्त सांगायला नको. टॉवेल रोज बदलून मागू नका. प्यायला बाटलीचं पाणी घ्या. टपरीवर अर्ध्या लिटरची बाटली अर्ध्या युरोला मिळते, तिची किंमत सरकारनं बांधून दिलेली आहे.

आता चिमटे. कपडे वाळत घालायचे चांगले घट्ट डझनभर चिमटे ने. गॅलरीत दोरी किंवा घडीचा स्टँड असतो, ऊन असं की साडी तासात वाळते, आणि वारा असा की तीच साडी तासात पारोसला पोचते. माझा एक पंजाबी ड्रेस अजून एजियनमध्ये आहे. बाहेर पडताना खिडक्यांच्या लाकडी झडपांना कडी घालायला विसरू नका. रात्रभर आपटत राहिल्या तर शेजारी सकाळी बोलणार नाहीत.

विजेच्या पिना गोल आणि दोन. आपल्या मोबाईलच्या चार्जरच्या दोन बारीक पिना बसतात, तीन पिनांचं काही बसत नाही. एक अडॅप्टर घे, बास.

दुपारी तीन ते साडेपाच शांतता. हा नुसता रिवाज नाही, उन्हाळ्याच्या महिन्यांत कायद्यानं ठरवलेली वेळ आहे. रात्री अकरानंतर पुन्हा. त्या वेळात गावातली दुकानं बंद, गल्लीत फक्त मांजरं. मालकीणबाईंना या वेळी बेल वाजवून ‘चहाची किटली मिळेल का’ विचारायचं नाही. पडवीत जेवून लवंडलेल्या माणसाला उठवणाऱ्याला आपल्याकडं काय म्हणतात तेच तिकडंही म्हणतात. तुम्हीही झोपा, कारण जेवणं रात्री नवाला. सातला गेलात तर टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खाणावळीत, तुम्ही चौघी आणि खुर्च्या पुसणारा पोऱ्या.

जेवणाची तुझी मुख्य काळजी मला ठाऊक आहे. तू शाकाहारी, एक मैत्रीण अंडं खाणारी, एक मालवणची. तिथं तुमच्या कामाचा एकच शब्द आहे: निस्तीसिमो. म्हणजे उपासाचं. सनातनी ग्रीक चर्चचे उपास वर्षातले कितीतरी दिवस चालतात, त्यात मांस, मासे, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळं साध्यातल्या साध्या टॅव्हर्नातही अशा पदार्थांचा साठा असतो आणि शब्द उच्चारला की म्हाताऱ्या स्वयंपाकिणीचा चेहरा खुलतो. ‘शाकाहारी’ म्हटलं की तिला आजार वाटतो, ‘उपास’ म्हटलं की घरचं वाटतं. फक्त एक खोच आहे. ज्यांच्या अंगात रक्त नाही असं मानतात ते समुद्री जीव या उपासाला चालतात: कोलंबी, माकूल, ऑक्टोपस. मालवणच्या मैत्रिणीला हा उपास फार पसंत पडेल. तू मात्र ताटात काय आहे ते विचारूनच घे.

फावा मागव. नाव काही असलं तरी ती पिवळ्या वाटाण्याची डाळ घोटून केलेली असते, वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्हचं तेल. फोडणी विसरलेलं घट्ट वरण समज. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या. खिमा नाही ना, ते विचारायचं. ब्रिआम, म्हणजे वांगी-बटाटे-भोपळ्याची भट्टीत भाजलेली भाजी, डोळे मिटून घे. नाक्सोसचा बटाटा सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेला आहे, त्याच्या साध्या तळलेल्या फोडी खाल्ल्यास तर तू घरी बटाटेवाल्याशी भांडशील. एक ताट दोघींना पुरतं. टेबलावर पाव न मागता येतो आणि बिलात लागतो. नको असेल तर आल्या आल्या परत पाठव. शेवटी काहीतरी गोड फुकट येतं, ते परत पाठवू नकोस.

तुझी खाऊची पिशवी आवर. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही, दुधाची पावडर नाही. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्याही नाहीत. चिवडा, मेतकूट, लसणाची सुकी चटणी, थालीपिठाची भाजणी ने. ‘स्टुडिओ’ म्हणतात त्या खोलीत दोन शेगड्या, फ्रिज, चार भांडी असतात. थालीपीठ लावायला हरकत नाही, फोडणी मात्र करू नका. खोली लहान, पडदे जाड, मोहरी-हिंगाचा वास पुढच्या चार गिऱ्हाइकांना पुरेल. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. हिरवा क्रॉस दिसला की ते औषधाचं दुकान, अडीअडचणीला फोन ११२.

भाषेचं एक मोठं भांडण मिटवून ठेवते. त्यांच्यात ‘ने’ म्हणजे हो. नाही म्हणायला ‘ओही’. न बोलता नाही म्हणायचं असेल तर भुवया आणि हनुवटी वर उचलून ‘च्च’ करतात. च्च आपलंच आहे, ते तुला कळेल, पण त्या ‘ने’नं मी दोनदा फसले. कॉफी झाली का विचारलं, पोऱ्या ‘ने, ने’ म्हणत कप घेऊन गेला, मला वाटलं न्यायची परवानगी मागतोय. दुसरं, पाचही बोटं पसरून पंजा कुणाच्या तोंडासमोर धरू नकोस. आपण ‘थांब जरा’ म्हणताना किंवा ‘पाच’ सांगताना करतो तेच. तिकडं ती शिवी आहे, आणि जुनी, जोरकस शिवी आहे. तुम्ही वर्गात पोरांना गप्प करायला हात असाच वर करायच्या, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सगळे दिवस किनाऱ्यावर घालवू नका. बसनं डोंगरातल्या गावांना जा. तिकीट चढण्याआधी बंदराजवळच्या कचेरीतून घ्यायचं. आपेरांथोसच्या गल्ल्या संगमरवरी फरशीच्या आहेत, दिसायला सुंदर, चालायला निसरड्या, रबरी तळाच्या चपला घाला. पण एकाच गावाला जायचं असेल तर हाल्की. ऑलिव्हच्या झाडीत बसलेलं एवढंसं गाव, तिथं १८९६ पासून चालत आलेली वालिंद्रास घराण्याची भट्टी आहे. बेटावरच्या कित्रो नावाच्या फळाच्या झाडाच्या पानांपासून ते कित्रोन नावाचं मद्य गाळतात. हिरवं गोड आणि सौम्य, पिवळं कडक. हे कित्रो म्हणजे कोण, तर आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते. मी भट्टीच्या भिंतीवर चित्र बघून हे ओळखलं तेव्हा इतक्या मोठ्यानं ‘अगं बाई!’ म्हणाले की दुकानातली बाई चाखायचा पेला घेऊन धावत आली.

तू पेला घेणार नाहीस. पण त्याच फळाची जाड साल साखरेत मुरवून ते मुरंबा करतात. जुन्या घरांत आणि जुन्या वळणाच्या हॉटेलांत पाहुणा आला की अजून छोट्या बशीत तसा चमचाभर मुरंबा आणि शेजारी गार पाण्याचा पेला येतो. आपलं गूळपाणी. आधी गोड, मग पाणी. नको म्हणायचं नाही, मधुमेह असला तरी जिभेला लावायचं. आमच्या मालकीणबाईंनी जहाजबंदीच्या त्या सकाळी कॉफीपाठोपाठ तेच आणून ठेवलं होतं, आणि त्या जादा रात्रीचे निम्मेच पैसे घेतले होते.

हाल्कीहून माझ्यासाठी महाळुंगाच्या मुरंब्याची एक बरणी आण. काचेची असते, साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेव. हातातल्या बॅगेत ठेवलीस तर विमानतळावर काढून घेतील. येताना चिमटे तिकडंच सोडलेस तरी चालतील, तेवढी जागा होईल.

तुझी,
मधली